नाव न सांगता आणलेला फिल्टर

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, त्यालाही आता किती वर्षं झाली. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. अक्षर तर असं की वाणसामानाची यादी लिहून दिली तर वाणी ती मलाच वाचायला लावतो. ही वही मुलीच्या शाळेची आहे, मागची पानं कोरी होती म्हणून यात लिहिते. कोणाला दाखवायची नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागली तर त्याने अक्षराला हसू नये, एवढंच मागणं.

गोष्ट आमच्या गाडीची आहे. मुलगी तेव्हा झाली नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही रत्नागिरीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. हे आधी एका आंबेवाल्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. मग यांच्या मोठ्या भावाने मुंबईत स्वतःच्या फंडातले पैसे काढून यांना दिले आणि यांनी जुनी गाडी घेतली, भाड्याने चालवायला. मी त्यांना मोठे भावजी म्हणते. त्यांची अट होती की ते वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि मे महिन्यात, तेव्हा हप्ता त्यांच्या हातात पडला पाहिजे. एक जरी हप्ता चुकला तरी गाडी विकून त्यांचे पैसे मोकळे करायचे. भावजींचा आवाज मोठा. ते आले की मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. तसंही आमच्याकडे मोठ्या दिरासमोर बायका उभ्या राहत नसत. चहासुद्धा मी उंबऱ्यावर ठेवायची आणि हे उचलून नेत.

गाडी मूळची पेट्रोलची. आधीच्या मालकाला पेट्रोल परवडेना, म्हणून त्याने आतलं इंजिन काढून एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. तेव्हा असं बरेच जण करायचे. हे मला माहीत होतं, कारण हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. पण त्याचा फिल्टरशी काय संबंध, ते मला ठाऊक नव्हतं.

शिमग्याच्या आधी गाडी चढाला दम टाकायला लागली. चढ आला की धक्के द्यायची आणि मागे धूर. यांचा नेहमीचा मिस्त्री म्हणाला, डिझेलचा फिल्टर तुंबलाय, बदला. आणि तो स्वतः ग्रामदेवतेच्या पालखीसाठी गावी निघून गेला. शिमग्यात रत्नागिरीत कोण राहतो? गॅरेजं बंद, अर्धी दुकानं बंद, आणि भाडी मात्र भरपूर, कारण मुंबईची माणसं उतरतात आणि प्रत्येकाला आपल्या गावात पालखी घरी यायच्या आधी पोचायचं असतं. मे महिन्याच्या हप्त्यातले निम्मे पैसे आम्ही शिमग्याच्या भाड्यांवर धरले होते.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी हे बॉनेट उघडून बघत होते. टेकू घसरला आणि बॉनेट यांच्या उजव्या हातावर आलं. दोन बोटं चेचली. डॉक्टरने पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं. घरी येईपर्यंत यांना ताप चढला. पडल्या पडल्या मला म्हणाले, "पार्टचं दुकान दुपारी बंद होईल, मग तीन दिवस उघडणार नाही. तूच जा नि फिल्टर घेऊन ये."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळायला नको. शेठला माझं नाव सांग. माझी गाडी तो ओळखतो. नाव सांगितलं की बरोबर तोच फिल्टर काढून देईल."

नाव सांग म्हणाले, तिथेच मी अडले. मी यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेही इतकं हळू की बायका म्हणाल्या, परत घे, ऐकू नाही आलं. आमच्या आईने वडिलांचं नाव जन्मात घेतलं नाही. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि हे इथे तापाने फणफणलेले, हाताला पट्टी. अशा वेळी नाव घ्यायचं? चिठ्ठी लिहून नेता आली असती. एकदा मनात आलंही. पण माझं अक्षर चार पुरुषांसमोर वाचलं जाणार, या लाजेने मी पेन्सिल खाली ठेवली.

दुकान बाजारात होतं. फळीशी तीन-चार ड्रायव्हर उभे. मी बाजूला थांबले, ते जातील म्हणून. ते जाईनात. शेवटी शेठनेच विचारलं, "काय हवंय बाई?"

"डिझेलचा फिल्टर."

"गाडी कुठची?"

मी गाडी सांगितली. पांढरी आहे, हेही सांगितलं. त्याची काही गरज नव्हती.

"मालक कोण? नाव सांगा, म्हणजे मला कळेल कुठची ती."

मी खाली बघत राहिले. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते, ते अजून आठवतं.

"अहो बाई, गाडी कोणाची?"

"आमच्याकडची," मी म्हटलं.

ड्रायव्हर हसले. एक म्हणाला, "शेठ, असं नाय सांगायच्या त्या. उखाणा घ्यायला लावा."

दुसरा म्हणाला, "व्हय तर! चांदीच्या ताटात नको, डिझेलच्या डब्यात घ्या म्हणावं. शेठ दोन रुपये सोडतील."

"दोन कशाला, फुकट देतील!"

शेठ त्यांना ओरडला, "गप बसा रे, कोणाची तरी लेक-सून आहे." पण तोही गालात हसत होता, मी बघितलं. मग त्याने मागच्या फळीवरून एक खोका काढला. "गाडीच्या नावावरून देतोय. या गाडीला हाच लागतो. तरी खोक्यातून काढून जुन्याशी लावून बघा, आणि लहानमोठा वाटला तर परत आणा. पण तेल लागलं की परत घेणार नाही. दुपारी बाराला मी बंद करतो."

तेवीस रुपये दिले आणि मी जवळजवळ पळतच घरी आले.

यांना झोप लागली होती. जागे झाले तेव्हा बारा वाजून गेले होते. होळीच्या दिवशी सकाळी ताप उतरला, पण दोन बोटं कामाची नव्हती. स्टिअरिंग कसंबसं धरता येई, पाना धरता येत नव्हता. हे गाडीच्या बाजूला स्टुलावर बसले आणि मला सांगत गेले. मी खाली डबा ठेवला. फिल्टरच्या भांड्याचा मधला लांब बोल्ट पान्याने सैल केला. डिझेल हातावरून कोपरापर्यंत आलं. भांडं खाली उतरलं, त्यातून जुना फिल्टर निघाला, काळा, चिखलात पडलेल्या कणसासारखा.

"भांडं स्वच्छ डिझेलने धू. पदराने पुसू नकोस, धागा राहतो. रबराची रिंग नवी घाल. आता फिल्टर ठेव आत."

मी ठेवला. जुना भांड्यात ताठ उभा होता. नवा उभा राहिला, पण बोट लावलं तर हलला. खाली स्प्रिंग होती, तिच्यावर तो टेकला, पण वरपर्यंत पोचेना. अर्धं बोट कमी पडत होता. मी जुना उचलून शेजारी धरला, यांना दिसणार नाही असा. खरंच आखूड होता. आणि नवा तर आता डिझेलने भिजलेला होता.

"बसला का नीट?" यांनी विचारलं.

आता सांगितलं तर काय होणार, ते सगळं मला दिसलं. दुकान बंद. उघडलं की परत मी जायचं. तेच ड्रायव्हर, तोच प्रश्न. तेल लागलेला परत घेत नाही, म्हणजे तेवीस रुपये पाण्यात. आणि हे विचारणार, नाव का नाही सांगितलंस.

"बसला," मी म्हटलं.

"हलत नाही ना?"

"नाही."

भांडं वर लावून मी बोल्ट आवळला. भांडं घट्ट बसलं, बाहेरून काहीच कळत नव्हतं. मग वरचा छोटा बोल्ट सैल करून पंपाची दांडी हाताने दाबत राहिले, लाइनमधली हवा जाईपर्यंत. बुडबुडे आले, मग थांबले. "आवळ आता. जास्त नको, आटे जातील." यांनी डाव्या हाताने चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. आवाज तर आधीपेक्षा मोकळा. हे एवढे खूश झाले की शेजारच्यांना हाक मारून म्हणाले, "बघा, आमच्याकडे मिस्त्रीण आहे!"

मी आत जाऊन हात धूत बसले. वास जाईना.

त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. हे दोन दिवस भाडी करत होते, लांजा, पावस, जिथे मिळेल तिथे. प्रत्येक वेळी परत येऊन सांगत, गाडी काय ओढतेय गो, नवी झाल्यासारखी. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट भीती वाढली. रस्त्यावर कुठलीही गाडी धक्का देऊन गेली की मी दारात जायची. सांगावं, असं पन्नास वेळा मनात आलं. ताटात भात वाढताना तोंड उघडलंसुद्धा, पण तेव्हा हे पैसे मोजत होते. एवढे शिमग्यात कधी मिळाले नव्हते. हप्ता पुरा होणार, म्हणाले. मी आमटी वाढली.

चौथ्या दिवशी संगमेश्वरकडचं भाडं आलं. एक म्हातारी आणि तिचा मुंबईचा मुलगा. त्यांच्या घरी दुपारी पालखी येणार होती. वाटेत निवळीचा घाट. मी यांना म्हटलं, मी पण येते.

"तू? कशाला?"

"पालखी बघायला."

मी कधी कुठे येते म्हटलं नव्हतं, म्हणून हे नवलाने बघत राहिले. पण म्हणाले, बस पुढे. खरं म्हणजे मला घरी बसून वाट बघणं आता होत नव्हतं. काही व्हायचं असेल तर ते आपल्या डोळ्यांसमोर होऊ दे, असं झालं होतं.

घाट उतरताना मी यांच्या पट्टीच्या हाताकडे बघत होते आणि कान इंजिनाकडे. म्हातारी मागून बोलत होती, तिच्या घरी पालखी आली की नाचवायला किती माणसं येतात, वडे किती घातले, सगळं. बावनदीचा पूल ओलांडला. पुढच्या चढावर इंजिन एकदा अडखळलं. मग परत. हे म्हणाले, "काय झालं हिला?" तिसऱ्यांदा अडखळलं आणि बंदच पडलं. एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत गाडी मागे सरकायला लागली.

यांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक त्या गाडीत उजवीकडे दाराशी होता, तो ओढायला हात घातला, तो पट्टीचा. बोटांनी ओढला जाईना. चढ उभा, आणि नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी थांबून थांबून सरकत होती. मागे वळण, वळणाच्या पलीकडे खाली झाडांचे शेंडे दिसत होते. "दगड! मागच्या चाकाला दगड लाव!" हे ओरडले. मी दार उघडून उतरले की पडले, ते आठवत नाही. कडेचा एक चिरा दोन्ही हातांनी उचलला, एरवी मला तो हलला नसता, आणि मागच्या चाकामागे टाकला. चाक त्यावर चढल्यासारखं झालं आणि थांबलं. मग मी दुसरा दगड आणला, मग तिसरा. हे म्हणाले, "पुरे, पुरे," तरी मी आणतच होते.

म्हातारी खाली उतरली, तिने देवाला हात जोडले आणि यांना म्हणाली, "अरे मेल्या, बायकोला चालवायला दे गाडी. तू दगड लाव."

तिचा मुलगा घड्याळ बघत होता. "किती वेळ लागेल? पालखी थांबणार नाही आमच्यासाठी."

यांनी मला पाना दिला. फिल्टर उघड म्हणाले. पाना दोनदा बोल्टवरून निसटला. भांडं उतरलं. आत तो फिल्टर तिरका होऊन एका बाजूला पडला होता, आणि तळाला टाकीतली सगळी घाण, बारीक गंजासारखी. यांनी वाकून बघितलं. बोटाने फिल्टर हलवला.

"हा तेव्हाही हलत होता?"

"होय."

"शेठला नाव सांगितलं होतंस ना माझं?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मग काय सांगितलंस?"

"गाडी सांगितली."

हे रस्त्याच्या कडेला बसले. यांनी सांगितलं तेव्हा मला समजलं, शेठने गाडीचा फिल्टर दिला होता आणि आमचं इंजिन टेम्पोचं होतं. डिझेल फिल्टरमधून न जाता बाजूने मोकळं गेलं, म्हणून गाडी एवढी ओढत होती, आणि घाण सरळ पंपात गेली होती.

"मला सांगायचं होतंस गो," हे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "दुसरा आणला असता. तेवीस रुपये गेले असते, एवढंच."

म्हातारी आणि मुलगा एसटीने पुढे गेले. भाडं यांनी घेतलं नाही. आम्हाला एका ट्रकने दोराने ओढून रत्नागिरीला आणलं. डिझेलचा पंप आतून धरला होता, फिरतच नव्हता. तो दुरुस्तीला एसटी पार्सलने कोल्हापूरला पाठवला आणि तिकडून पत्र आलं, अकराशे रुपये. हप्त्याचे म्हणून साठवलेले सगळे त्यात गेले, वर थोडे शेजाऱ्यांकडून घेतले, ते पुढच्या दोन भाड्यांत दिले. बरोबर फिल्टर या वेळी हे स्वतः जाऊन घेऊन आले. पण महिनाभर गाडी उभी होती आणि मे महिना आला.

यांनी भावजींना पत्रात लिहिलं होतं, पंप जुना होता, गेला. माझं नाव कुठे घातलं नव्हतं. मला वाटलं, वाचले. पण भावजी आले आणि पडवीत बसून बोलायला लागले, तसं मला आत उभं राहवेना.

"पंप असा जात नसतो. तू गाडी बघतच नाहीस. हलगर्जीपणा तुझा लहानपणापासूनचा. मी गिऱ्हाईक बघून आलोय, विकून टाक."

"दादा, एक हप्ता—"

"एक नि दोन नाही. तुला गाडी पेलत नाही. टेम्पोवरच बरा होतास."

हे खाली मान घालून ऐकत होते. एक शब्द माझ्यावर ढकलला नाही. मी दाराच्या आड होते, हातात चहाची कपबशी. ती खाली ठेवली. मी दाराआडूनच म्हटलं, "त्यांची चूक नाही. फिल्टर मी चुकीचा आणला. तो बसत नव्हता, मला दिसलं होतं. मी बसला म्हणून सांगितलं."

मग भावजी यांना म्हणाले, "काय म्हणतेय ती?"

मी परत सांगितलं, या वेळी सगळं. दुकान, उखाणा, नाव, दगड. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून थांबलेच नाही. भावजी माझ्याशी थेट बोलत नव्हते, ते यांनाच म्हणाले, "तिला विचार, नाव घेतलं असतं तर तू मेला असतास काय?"

"नाही," मी म्हटलं.

"आणि न घेता दोघंही मरायला आला होतात, तेही म्हणावं लक्षात ठेव." मग जरा वेळाने, "चहा झालाय का निवला?"

मी चहा उंबऱ्यावर ठेवला. भावजींनी तो प्यायला. मग म्हणाले, गाडी राहू दे. चुकलेला हप्ता शेवटी जोडायचा. पण यापुढे पैसे हा देणार नाही. तिने स्वतः आणून माझ्या हातात द्यायचे आणि माझ्यासमोर मोजायचे. जिला खोटं बोलायची भीती वाटली नाही, तिला पैसे मोजायची वाटायला नको.

ते चुकीचं बोलले. मला खोटं बोलायचीही भीती वाटली होती. पण तेवढं सांगायचं धैर्य नव्हतं.

त्यानंतर हे भाड्याचे पैसे माझ्याकडे देत आणि मी डब्यात ठेवत असे. प्रत्येक गणपतीला आणि मे महिन्यात मी पडवीत जाऊन भावजींसमोर बसायची. पहिल्या वेळी मोजताना तीनदा चुकले. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले, त्याने आणखी चुकले. त्यांचं पत्र आलं की आठ दिवस आधीपासून माझी झोप जायची. एका गणपतीला शंभर कमी पडले, ते पुढच्या वेळी घालायला सांगून त्यांनी सोडलं. असं करत तीन वर्षं गेली.

शेवटचा हप्ता मे महिन्यात दिला. दहा-दहाच्या नोटा जास्त होत्या, म्हणून मोजायला वेळ लागला. मी मोजल्या, मग भावजींनी मोजल्या, मग त्यांनी पहिल्यापासूनचे हप्ते बोटांवर धरून बेरीज केली. रुमालात नोटा बांधून खिशात घातल्या आणि म्हणाले, "संपलं. आता माझं काही नाही तुमच्याकडे." मी उठायला लागले तर म्हणाले, चहात आज साखर कमी आहे. मी आतून साखर आणून दिली. पैसे पुरे फिटले होते.